शेवटचाच दात जाड का येतो? रोटरी टेबलवरचं इंडेक्सिंग आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात रोटरी टेबल (मिलिंग मशीनवर जॉब हवा तेवढा फिरवायचं गोल टेबल) उभं करून त्याच्यावर डिव्हायडिंग हेडचं काम, म्हणजे गोलाचे समान भाग पाडायचं इंडेक्सिंग, कसं काढायचं यावर दोन पानं लिहिली होती. मला वाटलं होतं दोन-चार पत्रं येतील फार तर, पण बरीच आली, त्यातली निम्मी एकाच दुखण्याची, म्हणून ते सगळ्यात आधी घेतो.

ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की टेबलाच्या पोटात वर्म (आटे असलेला दांडा) आणि त्यात अडकणारं दातेरी वर्म व्हील असतं, बहुतेक सहा इंची टेबलांना हँडलचे ९० फेरे मारले की वरची थाळी एक फेरा फिरते (म्हणून ते ९० रेशोचं, किंवा नुसतं ९० चं टेबल), आणि हँडल काढून तिथे भोकांची प्लेट (भोकांच्या प्रत्येक गोल रांगेला सर्कल म्हणतात), पिनवाला क्रँक आणि सेक्टर आर्म्स (भोकं परत परत मोजावी लागू नयेत म्हणून लावायचे दोन हात) बसवले की झालं डिव्हायडिंग हेड. जेवढे भाग हवेत त्याने ९० ला भागायचं, पूर्ण आकडा म्हणजे पूर्ण फेरे, उरलेला अपूर्णांक भोकांवर मोजायचा. बस.

प्रश्न : काका, घरच्या मिलिंगवर १ मॉड्यूलचा (दाताच्या आकाराचं माप) ३२ दातांचा गिअर काढायला घेतला, ॲल्युमिनियममध्येच, प्रॅक्टिस म्हणून. ९० चं टेबल आहे. ३२ ला दोन फेरे आणि १६ च्या सर्कलवर १३ भोकं, असं चार्टमध्ये बघून केलं. ३१ दात बरोबर दिसतात आणि शेवटचा मात्र बाकीच्यांच्या अडीचपट जाड आला. दोन ब्लँक (दात न पाडलेल्या चकत्या) वाया गेले, दोन्हीला सेम. टेबल खराब आहे का? परत करू का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नका करू परत, टेबल चांगलं आहे. दोन्ही ब्लँकला ३१ दात बरोबर आणि सगळी चूक शेवटच्याच दातात, हीच त्याची साक्ष.

आता हिशोब बघा. ९० भागिले ३२ म्हणजे २ पूर्ण आणि १३/१६, तुमचा चार्ट बरोबर आहे. पण तुम्ही १३ भोकं मोजताना पिन ज्या भोकात बसलीय ते पण धरलंत. मोजायच्या असतात भोकांमधल्या जागा, भोकं नाही. पिनचं भोक धरून १३ मोजलं की जागा १२ च होतात, म्हणजे दर वेळी २ फेरे आणि १२/१६, म्हणजे पावणेतीन फेरे. एका फेऱ्याला टेबल ४ अंश फिरतं, पावणेतीन फेऱ्यांना ११ अंश. पाहिजे होते सव्वा अकरा. दर दाताला पाव अंश कमी, डोळ्याला कोण बघणार ते, पण ३२ वेळा पाव अंश म्हणजे ८ अंश, आणि हे सगळे आठच्या आठ अंश बिचाऱ्या शेवटच्या दाताच्या वाट्याला येतात. त्याला ११ ऐवजी १९ अंश जागा मिळाली. ३२ च्या पिच डायमीटरवर हिशोब केला तर दात दीड मिमीच्या जागी पावणेचार मिमीच्या आसपास येतो, म्हणजे तुम्ही म्हणता तसा अडीचपट. पत्र वाचता वाचताच लक्षात आलं होतं, कारण माझ्या पहिल्या पितळी गिअरला हेच झालं होतं, तो अजून टेबलावर पेपरवेट म्हणून पडलाय आणि येणारा प्रत्येक जण नेमकं त्या जाड दातावरच बोट ठेवतो.

म्हणून सेक्टर आर्म्स लावताना दोन आर्म्सच्या मध्ये १४ भोकं दिसली पाहिजेत, पिनचं धरून. एकदा लावून आर्मचा स्क्रू घट्ट करायचा आणि मग मोजणं विसरून जायचं, क्रँक फिरवला, पिन पडली, लगेच आर्म्स सरकवून पिनला टेकवून ठेवायचे, चहा प्यायला जायच्या आधी. नंतर सरकवू म्हटलं की झालंच मग.

आणि कटर लावायच्या आधी एक कोरडा फेरा मारा. ब्लँकला मार्कर फासा, कटर नुसता घासेल इतकाच खाली आणा आणि ३२ रेघा मारा. ३३ वी रेघ पहिलीवर पडली की मगच खोली द्यायची. एवढाही वेळ नसेल तर आठव्या हलवण्यानंतर टेबलाच्या कडेचे अंश वाचा, बरोबर ९० पाहिजेत. तुमचं ८८ दाखवलं असतं, आणि ब्लँक वाचला असता.

याच विषयावर अजून बऱ्याच जणांनी लिहिलंय पण लक्षणं वेगळी आहेत, म्हणून इथेच सांगतो. सगळी चूक शेवटच्या दातात साठली असेल तर मोजणी चुकलीय. मध्येच कुठेतरी एक दात जाड आणि त्याच्या शेजारचा बारीक असेल तर मोजणी बरोबर आहे, त्या एका ठिकाणी टेबल हललंय. एकतर लॉक करायला विसरलात आणि कटरच्या धक्क्याने थाळी बॅकलॅशभर, म्हणजे वर्म आणि वर्म व्हीलमधल्या ढिलाईएवढी, सरकली, नाहीतर पिन भोकाच्या पुढे गेली आणि तुम्ही तशीच मागे आणून भोकात टाकलीत. हे करायचं नाही. पिन पुढे गेली तर चांगला अर्धा फेरा मागे जायचं आणि परत त्याच दिशेने भोकावर यायचं, बॅकलॅश एकाच बाजूला खाल्ला गेला पाहिजे. आणि गिअरच्या एका बाजूचे दात उंच आणि समोरच्या बाजूचे बुटके, असं हळूहळू बदलत जात असेल तर इंडेक्सिंगचा काही संबंधच नाही, तुमचा ब्लँक सेंटरला नाही.

लॉकचं म्हणाल तर मी मशीनच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवलाय, त्यावर फक्त "लॉक?" लिहिलंय. बायको हसते.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची तीन भिंतीवरची घड्याळं आहेत, दोघांची चाकं झिजलीत, दात तुटलेत. छोटं बेंच मिलिंग आहे, खोली पण छोटीच. ४ इंची टेबल बघितलं ते ७२ रेशोचं आहे, ६ इंची ९० चं. दुकानदार म्हणतो ताई सरळ डिव्हायडिंग हेडच घ्या, ते खरं. काय करू? — एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, दुकानदार चुकीचं सांगत नाहीये, पण त्याला तुमची खोली दिसत नाहीये. खरं डिव्हायडिंग हेड साधारण ४० रेशोचं असतं, त्याचा स्पिंडल आरपार पोकळ असतो म्हणजे लांब शाफ्ट आतून घालता येतो, आणि डोकं तिरकं करता येतं, बेव्हल गिअर काढायचे असतील तर ते लागतंच. घड्याळाच्या चाकाला यातलं काही लागत नाही. चाक पातळ, पितळी, आर्बरवर (चाक धरायच्या दांड्यावर) बसवायचं. टेबल मात्र आडवं ठेवून गोलाईत खाच मारायला, बोल्टची भोकं पाडायला, गोल कडा काढायला पण चालतं, म्हणजे एका पैशात दोन कामं. मी टेबल घेईन.

७२ की ९० हे मात्र आकडे लिहून ठरवा, इंचावरून ठरवू नका. सोबत येणाऱ्या तीन प्लेट्सवर बहुतेक वेळा १५ ते २० सगळे, मग २१, २३, २७, २९, ३१, ३३, मग ३७, ३९, ४१, ४३, ४७, ४९ ही सर्कल असतात. आता तुमच्या घड्याळाच्या चाकांचे दात मोजा, तुटलेले पण धरून, आणि प्रत्येक आकडा दोन्ही रेशोला लावून बघा. ६० आणि ७२ दोन्हीवर होतात. पण ६४ बघा, ९० वर १ पूर्ण आणि १३/३२ येतात आणि ३२ चं सर्कलच नाही, अडकलात. ७२ वर तेच १ फेरा आणि १६ मधल्या २ जागा, चुटकीसरशी. ८४ ला पण तसंच, ९० वर १४ च्या पटीतलं सर्कल लागतं ते नाही, ७२ वर २१ मधल्या १८ जागा. ९६ मात्र दोन्हीवर होतो, ९० वर १६ मधल्या १५, ७२ वर १६ मधल्या १२, आणि गंमत म्हणजे दुकानदाराच्या ४० रेशोच्या हेडवर याच प्लेट्स असतील तर साध्या इंडेक्सिंगने ९६ होत नाही!

उलट ज्यांना लेथच्या क्रॉस स्लाईडसाठी १०० भागांची डायल कोरायचीय त्यांना ९० बरं, २० मधल्या १८ जागा, संपला विषय. ७२ वर २५ च्या पटीतलं सर्कल लागतं, ते या प्लेट्सवर नाही.

तुमच्या खोलीला आणि तुमच्या कामाला ४ इंची ७२ च बरं वाटतं. फक्त एक, घड्याळाच्या चाकाच्या दातांचा आकार मशीनच्या गिअरसारखा इन्व्होल्यूट नसतो, सायक्लॉइडल असतो, कटर त्याचा वेगळा घ्यावा लागतो नाहीतर फ्लाय कटर (एकाच पात्याचा कटर) घासून बनवावा लागतो. साध्या गिअर कटरने कापलेलं चाक बसेल, पण जुन्या पिनियनशी (जोडीच्या छोट्या दातेरी चाकाशी) त्याचं जमेलच असं नाही.

प्रश्न : जुन्या बाजारात रोटरी टेबल स्वस्तात मिळालं, नावगाव काही नाही, रेशो कसा ओळखायचा? — एक वाचक, पिंपरी

उत्तर : हँडलच्या डायलवर एका फेऱ्यात किती अंश आहेत ते बघा. ४ असतील तर ९०, ५ असतील तर ७२, ९ असतील तर ४०, १० असतील तर ३६. डायलच गायब असेल तर थाळीवर आणि बॉडीवर खडूने रेघ मारा आणि हँडलचे फेरे मोजा, मध्ये फोन घेऊ नका.

प्रश्न : मला २८ दातांचा गिअर पाहिजे, ९० चं टेबल. तुम्ही म्हणता तसं १४ च्या पटीतलं सर्कल नाही. प्लेट बाहेरून करून घ्यायची तर जास्त पैसे मागतात. कॉम्प्युटरवर ड्रॉईंग काढून कागद चिकटवून घरीच भोकं पाडली तर चालेल का? मित्र म्हणतात असल्या कागदी प्लेटवर कसली ॲक्युरसी येणार. — एक वाचक, ठाणे

उत्तर : मित्रांना सांगा येते, आणि चांगली येते. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे म्हणून जरा लांबण लावतो.

समजा तुमचं भोक ६० मिमी रेडियसवर आहे आणि ते ०.२ मिमी सरकलं. ०.२ म्हणजे हाताने पंच मारून पाडलेल्या भोकाला पण थोडं जास्तच झालं, पण धरू. क्रँकवर ती चूक होते ०.१९ अंश. पण क्रँक आणि जॉब यांच्या मध्ये वर्म बसलाय, तो प्रत्येक गोष्ट ९० ने भागतो, तुमची चूक पण. टेबलावर उरतात ७-८ सेकंद (कोनाचे, एका अंशात ३६०० असतात). ५० मिमी व्यासाच्या ब्लँकच्या कडेला ते किती होतं? साधारण एक मायक्रॉन. तुमचा कटर, तुमचा आर्बर, तुमचं मिलिंगचं स्पिंडल, सगळ्यांच्या चुका याच्यापेक्षा कितीतरी मोठ्या आहेत.

म्हणून कागद चालतो. ९० भागिले २८ म्हणजे ३ पूर्ण आणि ३/१४. तेव्हा २८ भोकांची प्लेट काढा, ३ फेरे आणि ६ जागा, किंवा ४२ ची काढली तर ९ जागा, पण २८ चीच बरी, तिच्यावर पुढे ५६ आणि ८४ पण निघतील. प्रिंट काढल्यावर स्केल लावून व्यास तपासा, प्रिंटर कधी कधी हळूच ९७ टक्के करतो, म्हणजे कोन बिघडत नाहीत पण पिन सर्कलवर पोचत नाही. कागद फेविकॉलने चिकटवू नका, त्यातल्या पाण्याने कागद फुगतो आणि वेडावाकडा ताणला जातो, स्प्रेचा गोंद किंवा दुहेरी टेप घ्या. पंच मारताना भिंग लावा. आणि पिन भोकात डुगडुगता कामा नये, टोकाला थोडा टेपर द्या म्हणजे ती आपोआप मध्यावर बसते. लोक भोकांच्या जागेवर जीव टाकतात आणि ढिल्या पिनकडे बघत नाहीत.

आता याच्या पुढचं. ही कागदी प्लेट लावून त्याच टेबलवर दुसरी प्लेट ड्रिल करा, तेच २८ भाग. पहिल्या प्लेटच्या चुका ९० ने भागल्या जाऊन दुसरीत उतरतात, म्हणजे दुसरीत पहिलीच्या चुका जवळजवळ उरतच नाहीत. घरच्या टेबलाने स्वतःसाठीच प्लेट बनवायची! तिसरी करायची गरज नाही, केलीत तरी फरक मोजायला तुमच्याकडे काही नसेल.

एक सावध करतो. हे सगळं प्लेटच्या चुकांचं झालं, वर्म व्हीलमध्येच चूक असेल तर ती भागली जात नाही, जशीच्या तशी जॉबवर उतरते. आणि कुणी म्हणेल की लेथचा ५६ दातांचा चेंज गिअर टेबलच्या थाळीलाच बोल्ट करू, खटका लावू, एकाआड एक दात सोडत जाऊ, वर्म सोडवून, तर तेही चालतं आणि पटकन होतं, पण तिथे मध्ये ९० नाही, गिअरची चूक पुरीच्या पुरी येते. गिअर चांगला असेल तरच.

प्रश्न : सर, माझ्याकडे जुना लेथ आहे, लीडस्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) ४ टीपीआय, म्हणजे इंचाला ४ आटे. मेट्रिक आटे पाडायला १२७ चा गिअर लागतो, तो नाहीये, रोटरी टेबलवर काढता येईल का? कुठल्याच प्लेटवर १२७ बसत नाही. — एक वाचक, सांगली

उत्तर : बसणारच नाही, १२७ हा मूळ आकडा आहे, त्याला कशानेच भाग जात नाही. इंच म्हणजे २५.४ मिमी आणि २५.४ म्हणजे १२७ भागिले ५, म्हणून हा आकडा आयटीआयपासून आपल्या मागे लागलाय. मोठ्या डिव्हायडिंग हेडवर डिफरन्शियल इंडेक्सिंग करून निघतो, त्यात प्लेट स्वतः गिअरवर फिरते, आपल्या टेबलाची प्लेट बॉडीला स्क्रूने बसवलेली, तो रस्ता बंद.

करायचाच असेल तर १२७ भोकांची कागदी प्लेट, वरच्या उत्तरासारखी, दर वेळी ९० जागा पुढे. ६० रेडियसवर दोन भोकांत ३ मिमीला किंचित कमी अंतर येतं, दीड मिमीचं ड्रिल मारता येईल, पण टेबल उभं केल्यावर एवढी मोठी प्लेट खाली मिलिंगच्या टेबलाला टेकते का ते आधी बघा. किंवा सरळ अंशांवर, दर दाताला २ अंश ५० मिनिटं ४.७२ सेकंद, पण प्रत्येक दाताचं रीडिंग शून्यापासून काढलेलं पाहिजे, आधीच्या दातात मिळवत जायचं नाही. वरचे पावणेपाच सेकंद कोण बघतंय म्हणून नुसते २ अंश ५० मिनिटं घेत गेलात तर १२७ दातांनंतर बरोबर १० मिनिटं कमी पडतील, १ मॉड्यूलच्या गिअरला शेवटचा दात ०.१८ मिमी जाड.

पण खरं सांगू का, १२७ सोडा. ६३ काढा, १००-१२७ च्या जोडीचं काम ६३-८० ची जोडी जवळजवळ तसंच करते. १०० भागिले १२७ म्हणजे ०.७८७४० आणि ६३ भागिले ८० म्हणजे ०.७८७५, १०० मिमी लांबीच्या आट्यात फरक पडतो जेमतेम ०.०१३ मिमी. नट-बोल्टला, चकच्या स्क्रूला, पंपाच्या शाफ्टला कुणाला कळणार आहे? लीडस्क्रू बनवायचा नसेल तर पुरे झालं. दीड पिचला ३० आणि ६३ चालवणारे, १०० आणि ८० चालणारे, तुमच्या ४ टीपीआयवर होतं. ८० चा तुमच्या सेटमध्ये बहुतेक असेलच. आणि ६३ तुमच्या ९० च्या टेबलवर एकदम सरळ निघतो, १ फेरा आणि २१ मधल्या ९ जागा. आर्म्समध्ये १० भोकं, कोल्हापूरकरांचं उत्तर वाचलं असेलच.

प्रश्न : टेबलवर चक लावला, चक डायल (डुलणं मोजायचं सुईचं मापक) लावून शून्य केला, तरी ब्लँक डुलतो. — एक वाचक, नाशिक

उत्तर : तीन जबड्यांचा चक स्वतः शून्य असला म्हणून त्यात धरलेली वस्तू शून्य येत नाही. डायल जॉबला लावा, चकला नाही. ॲडाप्टर प्लेटचा स्पिगॉट (चकमध्ये बसणारा गोल उंचवटा) थोडा सैल ठेवा, बोल्ट हलके आवळून, डायल बघत, लाकडी हातोडीने ठोकत आणा, मग घट्ट. त्याहून बरं म्हणजे गिअरला चक वापरूच नका, टेबलाच्या मध्यात जो मोर्स टेपर आहे त्याचा एक आर्बर घ्या, ब्लँक त्याच आर्बरवर लेथवर टर्न करा आणि न काढता तसाच टेबलात लावा, मागून ड्रॉबारने ओढून किंवा समोरून टेलस्टॉकचा टेकू देऊन. दोन्हीकडे सेंटर एकच राहतं.

प्रश्न : प्लेट-बिट सोडून स्टेपर मोटर लावली तर? मी इंजिनीअरिंगला आहे, कोड मी लिहीन. — एक वाचक, बंगळुरू

उत्तर : लाव की. २०० स्टेपची मोटर, ८ मायक्रोस्टेप, ९० चं टेबल, म्हणजे एका फेऱ्याला १ लाख ४४ हजार स्टेप, एक स्टेप ९ सेकंदांची. ३२ ला बरोबर ४५०० येतात. २८ ला येतात ५१४२.८५७, आणि कोड लिहिणाऱ्याची परीक्षा इथे आहे, दर दाताला ५१४३ टाकत गेलास तर चूक साठत जाते, दर वेळी शून्यापासून गुणून मग राऊंड कर. म्हणजे आमच्या सांगलीच्या वाचकांना जे अंशांबद्दल सांगितलं तेच तुला कोडमध्ये करायचंय. बॅकलॅश मोटरने जात नाही, एकाच दिशेने ये. आणि मोटर धरून ठेवते म्हणून लॉक सोडू नकोस, मोटर धरते वर्मला, थाळी तर वर्मच्या पलीकडे आहे.

प्रश्न : १ मॉड्यूल, ३२ दात, चार्टमध्ये कटर नंबर ४ लिहिलाय. मागवला, आला, त्याच्यावर २१ ते २५ दात कोरलंय. दुकानदाराने फसवलं का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही हो, चार्टने फसवलं. तुमचा चार्ट डीपी, म्हणजे इंची मापाच्या, कटरचा आहे, त्यात २६ ते ३४ दातांना नंबर ४. मॉड्यूलच्या कटरचे नंबर उलटे जातात, १ नंबर १२-१३ दातांना आणि ८ नंबर १३५ पासून रॅकपर्यंत (सरळ दातेरी पट्टी), म्हणून तुम्हाला पाहिजे नंबर ५. यापुढे फोनवर ऑर्डर देताना नंबर सांगूच नका, "१ मॉड्यूल, २६ ते ३४ दात" असं सांगा. हा आलेला मात्र परत करू नका, २४ दातांचा कधीतरी लागतोच.